गोऱ्या नायिकेचं काम

झाडीपट्टीच्या नाटकात नायिका गोरीच असावी, असा कायदा कुठे लिहिलेला नाही. पण मोडून पाहा. मी जिवतीकडची, उन्हात वाढलेली, चांगली काळी. नायिकेचं काम मिळालं तेव्हापासून मेकअपवाले भाऊ माझं तोंड, मान आणि कोपरापर्यंतचे हात गुलाबी करायचे. नायक माझ्याइतकाच काळा. त्याला नुसती मिशी कोरली की झालं! मला राग यायचा, पण काम हवं होतं, म्हणून मुकाट्यानं हात पुढे करायचे.

धान घरात आलं की आमच्याकडे गावोगाव नाटकं लागतात, आणि नाटकाला आलेल्या पाहुण्यांत सोयरिकीही जुळतात. अशाच एका गावी, संध्याकाळी, शाळेच्या खोलीत आमची रंगरंगोटी चालली होती. एक बाई आपल्या पोरीला घेऊन आत आली. पोरगी विशीची, माझ्याच रंगाची.

"बाई, नाटकाले पोराकडचे पाव्हणे आले आहेत. सकाळी हिले पाहाले येतीन. तुमी जाच्या आधी तुमच्यासारखी गोरी करून द्या ना हिले."

मला वाटलं, एका झटक्यात समजावू. तेलाच्या बोळ्यानं एक गाल पुसला आणि म्हटलं, "पाहा, मी बी काळीच आहो."

बाई जराही खजील झाली नाही. "मंग तर लावूनच द्या. तुमाले काळ्या तोंडानं नाटकात उभं राहू देत नाई, माह्या पोरीले कोन उभं करन?"

गेले शिकवायला आणि शिकूनच बसले. फार लाज वाटली. तेवढ्यात पोरगी हळूच म्हणाली, "मले नाई लावाचं." आईनं डोळे वटारले. पोरगी माझ्याकडेच पाहत होती.

मी दुसराही गाल पुसला. "राहू द्या भाऊ, आज अशीच."

"कंपनीचा मालक काढून टाकन तुले."

"टाकू द्या," म्हणाले आणि मान, हातही पुसून काढले.

नायकानं नेहमीप्रमाणे माझं तोंड चंद्रासारखं असल्याचं सांगितलं आणि मंडपात हशा उसळला. माझा पुढचा संवाद मला आठवेना. तोंडातून निघालं, "चंद्र कधी उन्हात धान रोवाले आलता का?" पुन्हा हशा झाला, पण आता तो बायांच्या बाजूनं आला, टाळ्यांसकट. मला हलकं वाटलं.

सकाळी आमची गाडी निघाली तेव्हा ती पोरगी अंगणात पाहुण्यांना पाणी देत होती, धुतल्या तोंडानं. तिचं जमलं की नाही, मला कळलं नाही.

पुढच्या प्रयोगाला मालकांनी नायिका बदलली. मला काढलं मात्र नाही, नायिकेच्या आईचं काम दिलं. आई काळी चालते. तेव्हापासून प्रत्येक गावात माझ्या पोटची पोरगी गुलाबी निघते, आणि मंडपात कुणालाच त्याचं नवल वाटत नाही.