दोन बोटांचा सपोर्ट

आमच्या जिममध्ये बाकावर उताणं पडून बेंच प्रेस मारणाऱ्याच्या डोक्याशी एकजण उभा राहतो. त्याला सपोर्ट म्हणतात. रॉड अर्ध्यावर अडला की तो खालून दोन बोटं लावतो आणि ओरडतो, "तेरा है, तेरा है, अकेले का है!" मीही हे वर्षभर ओरडत आलो होतो.

जिम पडेगावच्या रस्त्याला, पत्र्याच्या शेडमध्ये. चालवणारे उस्ताद एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. माझा जोडीदार पाचोडचा, माझ्याच वर्गातला. विद्यापीठाच्या पॉवरलिफ्टिंग संघाची निवड चाचणी पंधरा दिवसांवर आली होती. त्याच्या वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, संघात आलास तर शहरात राहा, नाहीतर बियाण्याच्या दुकानावर ये. त्याला दुकानात बसायचं नव्हतं. हे तो रोज, प्रत्येक सेटच्या मधे सांगायचा.

उस्ताद आमच्यावर वैतागलेले असत, माझ्यावर जास्त. खांद्याची पाती एकमेकांकडं ओढून धर, टाचा जमिनीत रोव, कोपरं फाकवू नको, हे त्यांचं रोजचं. पण माझा रॉड खाली यायचा तो पडल्यासारखा. "इत्ती जल्दी कायकू? घर में मेहमान बैठे क्या?" असं विचारून ते माझ्या मनगटावर टिचकी मारायचे. वर ढकलताना स्नायू आखडतो हे कुणालाही कळतं. उतरवताना तो लांबत जातो आणि तरीही ओझं पेलत असतो. ताकद तिथंही तयार होते, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटायचं, जमायचं नाही. सावकाश काही करणं मला घरात कुणी शिकवलंच नव्हतं.

आजोबांनी निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शननंतर कुळांसाठी पत्रकं काढली, वडिलांनी विद्यार्थ्यांसाठी आणि पाण्यासाठी. मी वाचायला शिकलो ते पत्रकांच्या कच्च्या प्रतींवर. आमच्या घरात राग आला की माणसं आधी कागद शोधतात.

एका संध्याकाळी कुणीतरी माझ्या नव्वद किलोचा व्हिडिओ काढला. घरी जाऊन मी तो तीनदा पाहिला. रॉड छातीपासून चार बोटं वर येऊन अडला होता आणि तिथून पुढं जोडीदाराची बोटं तो नेत होती. त्याची नखं पांढरी पडली होती. जिथं माझ्या स्नायूनं झगडायचं, नेमकी तीच जागा दुसऱ्याच्या बोटांनी ओलांडली होती. मग तो स्नायू शिकणार काय? आणि गेले दोन महिने मी नव्वद म्हणून सांगत फिरत होतो, ते कुणाचे?

दुसऱ्या दिवशी जिमच्या आरशावर माझा कागद लागला. रॉडला बोट लावणारा मित्र नव्हे. खोटं वजन बंद करा.

उस्तादांनी चष्मा लावून तो वाचला. "इसके बदले प्लेटां जगा पे रखो, ऐसा लिखता तो दुआ देता मैं."

"आता बोटावर मोर्चा काढतो का काय?" जोडीदार म्हणाला. तो पंच्याण्णव लावून आडवा झाला.

"आज हात लावणार नाही," मी म्हणालो.

"व्हय, नेते. ऱ्हा उभं."

दोन वेळा रॉड वर गेला. तिसऱ्यांदा अडला. मी हात पाठीमागं बांधले होते. रॉड वरही जाईना, खालीही येईना. छाती आणि दंड पूर्ण ताणलेले, पण हालचाल शून्य. त्याचे हात थरथरू लागले. "ए," तो म्हणाला. मला वाटलं, अजून एक क्षण, म्हणजे त्याला त्याचं खरं कळेल. मी तो क्षण मोजत होतो. तेवढ्यात त्याचा डावा खांदा सुटला आणि रॉड तिरपा झाला. उस्ताद पलीकडून धावत आले, त्यांनी तो मानेवर यायच्या आत धरला.

"सपोर्ट के हाथ पीछे रहते क्या?" ते माझ्यावर ओरडले. "लगाना नक्को, पन नीचे तो रख!"

खांदा सुजला. चाचणीत त्याला साठही झेपले नाहीत. मी पंच्याहत्तर उचलले, कुणाच्याही मदतीशिवाय, आणि राखीव खेळाडूंत माझं नाव लागलं. त्याच आठवड्यात तो गावी गेला. फोन उचलेना. मी चार वेळा माफीचा मजकूर लिहिला. चारही वेळा तो पत्रकासारखाच झाला.

शेवटी बाजाराच्या दिवशी पाचोडला गेलो. तो दुकानात गल्ल्यामागं होता. समोर दोन शेतकरी कापसाच्या बियाण्यावरून वाद घालत होते.

"पत्रक आणलंस का?" त्यानं विचारलं.

"खांदा कसाय?"

"पाकिटं उचलता येतेत." त्यानं एकाला बियाण्याचं पाकीट दिलं. "चहा घे."

मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. हात मागं बांधले ही माझी चूक. पण खोट्या वजनाबद्दल मी बोललो ते बरोबर होतं, तुला अंधारात ठेवायचं नव्हतं मला.

"अंधारात?" तो हसला, पण डोळ्यांनी नाही. "आडवा माणूस कुठं बघतो रे? वर. रॉड वर, बोटं वर. तुझी बोटं रोज माझ्या डोळ्यांसमोर असायची. मला लई आधीपासून ठावं व्हतं. सराव म्हणून घेत व्हतो आन् चाचणीला वजन पंच्याऐंशीच सांगणार व्हतो."

मी समोर आलेला चहाचा ग्लास उचलला.

"आन् माझी बोटं?" त्यानं विचारलं. "दोन महिने तू तिथंच पडून व्हतास. तुला नाय दिसली? व्हिडिओ लागला व्हय?"

एक शेतकरी बिलासाठी घाई करत होता. जोडीदार त्याच्याकडं वळला. चहाचा ग्लास हातात भाजत होता आणि मला तो ठेवायला जागा सापडत नव्हती.

दिसली होती. पहिल्या दिवसापासून दिसत होती. हे त्याला सांगायला मी बिल होईपर्यंत थांबलो.