मळकट हिरवी बादली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, शाळेतल्या मैत्रिणींना तर नाहीच. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी शिक्षकदिनाला कुणी ना कुणी जुना विद्यार्थी फोन करतो आणि म्हणतो, बाई, तुम्ही आम्हाला पिशव्या धुवायला शिकवलंत, अजून धुतो. मी 'हो रे बाळा' म्हणते आणि घाईने त्याच्या नोकरीची चौकशी करते. आज विषय बदलणार नाही म्हणते. बघू, जमतंय का.

मूळची मी साताऱ्याकडची. लग्न होऊन विरारच्या फ्लॅटमध्ये आले आणि नोकरी मिळाली नंदाखाल गावाच्या पुढे, केळी-नारळाच्या वाड्यांमधल्या एका प्राथमिक शाळेत. नव्वद सालानंतरची गोष्ट. पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्या तेव्हा नुकत्याच घरोघर शिरल्या होत्या — मासळी पिशवीत, पाव पिशवीत, चार मिरच्यासुद्धा पिशवीत. वाड्यांच्या कुंपणांना फुलांऐवजी पिशव्या दिसायच्या. अशात मला एका प्रशिक्षणाला पाठवलं आणि तिथून मी एक तक्ता घेऊन आले. कचरा, बाण, कारखाना, बाण, नवी वस्तू. झालं! माझ्या अंगात वारंच शिरलं.

तिसरीच्या वर्गाला मी सांगितलं की घरात येणारी प्रत्येक पिशवी धुवायची, शाळेच्या व्हरांड्यातल्या दोरीवर वाळवायची, मग तिची लांब पट्टी करून त्रिकोणी घडी घालायची, समोशासारखी घट्ट. पोरं त्या घड्यांना 'समोसे'च म्हणायला लागली. एकाने विचारलं, बाई, पुढे यांचं काय होणार? मी म्हणाले, कारखान्यात जाणार आणि आपल्या वर्गासाठी बादली होऊन परत येणार. तक्त्यावर बादली नव्हती हो. ती माझ्या पदरची. का सांगितलं तसं? मुलांचे डोळे असे मोठे झाले की मला फार बरं वाटायचं. याहून मोठं कारण शोधूनही सापडत नाही.

दोरीचं काम जसिंताकडे होतं. आजोबांच्या वाडीतून चालत यायची — दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला, बोलणं मोजकं. कुणाची पिशवी जरा ओलसर असली की हातातून काढून घ्यायची आणि पुन्हा चिमटा लावून टांगायची. भांडायची नाही, नुसती टांगायची. असं मूल वर्गात असलं की शिक्षकाला वाटतं, वा, आपण काय छान शिकवतो! माझा जीव होता तिच्यावर. खरंच होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्हाला ते पटणार नाही.

वर्षअखेर चार गोण्या भरल्या. वसईच्या बाजारात एका भंगारवाल्याकडे नमुना घेऊन गेले. त्याने एक समोसा तळहातावर घेतला, वर उडवला, झेलला आणि विचारलं की याला वजन कुठे आहे, मी काय हवा विकत घेऊ? दुसऱ्याने तर हातातसुद्धा धरला नाही. इकडे शाळेतल्या ज्या खोलीत गोण्या ठेवल्या होत्या तिथे मुलांना वाटायचा तांदूळ उतरायचा होता, आणि हेडमास्तर रोज चिमटे काढत होते — बाई, तुमचा खजिना कधी हलवताय? त्यांना खरं सांगता आलं असतं. मुलांनाही. पोरांनो, बाई चुकल्या, या पिशव्या कुणी घेत नाही, तेव्हा मुळात घरी आणूच नका. काय अवघड होतं त्यात? उलट त्याहून चांगला धडा कुठला होता? पण तोंड उघडेना. 'लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण' — ही म्हण मी दरवर्षी फळ्यावर लिहून मुलांना अर्थ विचारायचे.

तिकडच्या वाड्यांमध्ये बावखलं असतात. गोड्या पाण्याची तळी, त्यांच्यावर केळी आणि भाजीपाला जगतो. मला घाटावरच्या बाईला ती डबकीच वाटायची. जसिंताच्या आजोबांच्या वाडीला लागून असलेलं एक बावखल विकलं गेलं होतं आणि नवा मालक त्यात मातीचा भराव टाकत होता. मी म्हटलं, आज गोण्या, उद्या त्यांवर माती, परवा कुणाला काय कळतंय? रविवारी सकाळी गेले. सगळी वस्ती मिस्साला चर्चमध्ये असते, नेमकी ती वेळ धरून. घाईगडबडीत झालं, भानच नव्हतं, असं मला म्हणता येणार नाही. रिक्षातून एकेक गोणी उतरवली आणि ढकलली.

मग बादली आणायला बाजारात गेले. दुकानात चकचकीत निळ्या बादल्या होत्या. मी शोधून शोधून मळकट हिरवी, ठिपक्याठिपक्यांची काढली — जुन्या पिशव्यांची वाटायला हवी ना! सोमवारी वर्गात ठेवली तर मुलं नुसती तुटून पडली. प्रत्येकाला आपली पिशवी सापडली. हा लाल ठिपका आमच्या बेकरीच्या पिशवीचा, ही पांढरी रेघ आमच्या मिठाच्या पिशवीची. जसिंता सगळ्यात शेवटी आली. तिने बादलीच्या काठावरून सावकाश बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघून हसली. मला त्या वेळी लाज वाटली नाही. मी सुखात होते.

चौथीलाही तोच वर्ग माझ्याकडे आला. मधल्या काळात त्या मालकाचं काहीतरी बिनसलं आणि भराव अर्धाच राहिला. पावसाळ्यात बावखल काठोकाठ भरलं. एका सकाळी हजेरी झाल्यावर जसिंता जागेवर उभी राहिली. हातात दोन समोसे होते. धुतलेले, कोरडे केलेले — मी शिकवलं होतं तसे.

"बाई, बावखलात आपले समोसे आलेत. पान्यावर खूप आहेत. आजोबांच्या केळीत पन शिरलेत."

मुलं माझ्याकडे बघायला लागली, मग कोपऱ्यातल्या बादलीकडे. तेव्हा तरी? अजून वेळ गेली नव्हती — एका वाक्याचं काम होतं. मी एकच वाक्य बोलले.

"खोटं बोलतेस तू, घरातले घेऊन आलीस."

आवाजसुद्धा चढवला नाही. बाई शांतपणे बोलल्या की मुलांना ते खरंच वाटतं, हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीत कळलेलं होतं. मागे कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. मी तिला वर्गाची माफी मागायला लावली. तिने मागितली. दोरीचं काम काढून दुसऱ्या मुलाला दिलं. मधल्या सुट्टीत ती डबा घेऊन एकटी पायरीवर बसली होती आणि मी खिडकीतून बघत होते. तिच्याजवळ गेले नाही, घंटा होईपर्यंत तशीच उभी होते.

काही दिवसांनी घंटेच्या आधी ती वर्गाच्या दारात आली. फ्रॉकची कड ओली, पाय गुडघ्यापर्यंत शेवाळाने माखलेले, हातांवर ओरखडे.

"बाई, मी परत जाऊन बघितलं," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "आपले नव्हते ते. आता तिकडं एकपन नाय."

तिला पोहता येत होतं का? मला माहीत नव्हतं, आजही नाही. त्या संध्याकाळी मी मुद्दाम बावखलावरून गेले. पाणी मोकळं होतं. केळीतही काही दिसलं नाही. एवढ्याशा पोरीने एकटीने सगळे वेचले होते. तिला सगळं समजलं होतं, आणि बाई खोट्या पडू नयेत म्हणून ती त्या पाण्यात उतरली होती. मग माझ्यासमोर येऊन चाचरत खोटं बोलली होती. सवय नव्हती तिला.

पण हे संध्याकाळचं झालं. सकाळी, ती तशी ओली दारात उभी असताना, मी काय केलं ते सांगायचं राहिलं. कारण तिचे पाय बघताक्षणीच मलाही सगळं कळलं होतं.

मी तिच्या पाठीवर हात ठेवून 'शाबास' म्हणाले. तिला वर्गासमोर उभं केलं आणि मुलांना सांगितलं की जसिंताने आपली चूक कबूल केली आहे, आता तिला कुणी चिडवायचं नाही. दोरीचं काम तिथल्या तिथे तिला परत दिलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तिचा चेहरा असा काही फुलला की काय सांगू.

मी तिला माफ केलं. सगळ्यांच्या देखत.