नारळावर नसलेला हात

अपघातात जखमी झालेलं मूल घेऊन कुणी आलं, की आमच्या वकीलबाई बापाच्या छातीवर पाचही बोटं टेकवून त्याला दोन पावलं मागे सरकवायच्या. मग मुलासमोर उकिडव्या बसायच्या, काळा कोट धुळीत लोळला तरी. "मोठे नंतर. आधी तू सांग."

मी कोर्टाच्या आवारात टायपिंगचं टेबल मांडून बसतो. दिवसभर दुसऱ्यांची भांडणं बडवायची, म्हणजे फुकटचा तमाशा रोजचाच. पण मंडळी, त्या सोमवारी माझीही बोटं थांबली.

किनाऱ्यावरच्या एका गावातून जोडपं आलं. बापाच्या कडेवर आठ वर्षांची मुलगी. पर्यटकांना वाळूवर फिरवणाऱ्या चारचाकी बाईकखाली तिचा पाय सापडला होता. मालकाने ती गाडी एका अडाणी हौशाच्या हातात दिली होती. हाड वाकडं जुळलं होतं. लवकर ऑपरेशन झालं नाही, तर पाय जन्मभर आखूड राहणार होता.

मालक त्यांच्याच गावचा. गावकीने देवळात बैठक घेतली, मालकाकडून प्लॅस्टरचा खर्च देववला आणि प्रकरण मिटलं म्हणून बापाला नारळावर हात ठेवायला लावला.

"आता कोर्टान गेलो तर गाव वालीत टाकील, बाई," बाप म्हणाला.

फाटकापाशी गावचे दोघे मोटारसायकलला टेकून उभेच होते. बापाचा फोन वाजायचा, तो कापायचा, की पुन्हा वाजायचा.

मुलीचं सगळं ऐकून बाई उठल्या. "हिचा हात होता नारळावर?"

"ती लहान हाय."

"मग हिचा हक्क हिच्याकडेच आहे. कोर्टाला विचारल्याशिवाय तो बापालाही सोडता येत नाही. फक्त हिच्या वतीने सही करायला मोठं माणूस हवं. वादमित्र म्हणतात त्याला. कोण करतंय?"

बाप जमिनीकडे पाहू लागला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी तत्काळ टेबलाखाली हरवलेली टाचणी शोधायला लागलो. आमचं शौर्य हे असं!

"मी करतंय."

मुलीची आई. तोवर तिच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

"तू गप," नवरा कुजबुजला. "शब्द दिलाय."

"तुमी दिलाव. बैठकीला बायका बसत न्हाईत. मना कोनी विचारला? मी भायेर चपला राखत बसलेली."

फाटकापासचे दोघे चालत आले. "वहिनी, काय चाललंय?"

बाईंनी मानही वळवली नाही. "टायपिस्ट, वाळीत टाकणं गुन्हा आहे, हे यांना ठाऊक नसावं. यांचीही नावं घ्या."

मी नावं विचारली. माझा आवाज चिरकला, तरी विचारली. दोघे एकमेकांकडे बघत राहिले, पण तिथून हलले नाहीत. त्यांच्या देखत आईने सही केली. एकेक अक्षर, जपून.

कोर्टाने मालकाला जबाबदार धरलं, ऑपरेशनचा खर्च भरायला लावला. निकाल ऐकायला बाई होत्या. मुलीचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्या स्वतःच आजारी पडून हॉस्पिटलात होत्या. तिथून परत आल्या नाहीत. मुलीच्या घराला मात्र वर्षभर गावातल्या एकाही लग्नाचं आमंत्रण आलं नाही.

परवा दुपारी मुलगी आईबरोबर माझ्या टेबलाशी आली. "वकीलबाई कुठं हायत? मना चालून दाखवायचाय."

एवढा तोंडाळ मी. पण नुसतं समोरच्या चाळीकडे बोट दाखवलं. बाईंच्या ऑफिसला कुलूप होतं.

मुलीने कुलूप पाहिलं. मग त्या दारासमोरच्या व्हरांड्यातून ती टोकापर्यंत चालत गेली, वळली आणि सावकाश परत आली.