सोलरवर पडलेला फ्लेक्स

मंडळी, आज अकराला ग्रामपंचायतीची लाइन गेली आणि कॉम्प्युटर बंद पडला. छतावर सोलर असूनही.

समोर एक पोरगी उभी होती. हॉस्टेलच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस आणि रहिवासी दाखला निघत नव्हता.

मी पंचायतीची सदस्य. शिडी लावून वर गेले. वाऱ्याने निसटलेला, गावचे पुढारी भाऊ यांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स पॅनेलवर अंथरल्यासारखा पडला होता.

"देवरावकाका, हा कायले काढला नाही?" मी शिपायाला वरूनच विचारलं.

"आठ दिवस झाले, ताई. पन भाऊचा फोटो हाय त्याच्यावर. कोन हात लावन?"

"मंग भाऊलेच सांगा दाखला काढून द्याले."

काका हसले. शिडी मात्र घट्ट धरून राहिले.

मी दोऱ्या कापून फ्लेक्स खाली आणला. अर्ध्या तासात कॉम्प्युटर सुरू झाला. दाखला घेऊन पोरगी एसटीकडे पळाली.

दुपारपासून फोन येताहेत. मी भाऊंचा अपमान केला म्हणे, उद्याच्या सभेत माफी मागायची.

मागणार नाही. पुन्हा पडला तर पुन्हा चढेन.

तुमच्या पंचायतीच्या छतावर शेवटचं कोण चढलं होतं?