शिंप्याकडचा आवाज

आष्ट्याच्या बाजारात एक शिंपी बसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. कानामागं खडू खोचून मशीन चालवायचा आणि गिऱ्हाइकांच्या नकला करायचा. तो त्याचा नाद होता. लढाई सुरू झाली, गावोगावची पोरं पलटणीत गेली, आणि त्याच नादावर त्याला वरकमाई होऊ लागली. आया पायलीभर जोंधळे नाहीतर गूळ घेऊन यायच्या आणि पडद्याआडून लेकाचा आवाज ऐकून जायच्या.

माझा थोरला भाऊ पलटणीत जाण्याआधी त्याच्याकडंच सदरा शिवून घेऊन गेला होता. म्हणून आई दर बाजाराला तिथं जायची. पडद्यामागून "आये, जेवलीस का?" असं आलं, की तिचा चेहरा खुलायचा. एकदा मीही ऐकलं; हुबेहूब भाऊच.

लढाई संपली. भाऊ धडधाकट परतला. उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "आये, आलो."

आईनं त्याला निरखून पाहिलं. मग मला हळूच म्हणाली, "तोंडवळा त्येचाच हाय रं. पर बोलतंय कोण?"

मलाही तो आवाज परकाच वाटला. तिनं भावाला जेवायला वाढलं, पण पाव्हण्याला वाढावं तसं.

मी तडक आष्टा गाठलं. शिंप्याला म्हणालो, "आवं, भाऊ घरी आलाय. आता त्येचा आवाज काढू नका."

त्यानं मशीन थांबवलं. "लय बघितलं सोडून," तो म्हणाला, "पर माझा सोताचा कसा हुता, त्योच आठवंना."

हेही तो माझ्या भावाच्याच आवाजात बोलत होता.