ओट्याशेजारची लाल कळ

रुहीचा फोन आला तेव्हा मी सरोजिनी नगरच्या बाजारात पडद्यांवरून हुज्जत घालत होते. "आत्या, बाबा गेले," ती म्हणाली, आणि मी पटकन विचारलं, "कुठे?" कारण माझा दादा सतत कुठेतरी जातच असायचा... कुणाकडे चांगली तांब्याची वायर आलीय, कुठल्या कारखान्यातून जुनी मोटर निघालीय, असं कळलं की हा निघाला स्कूटर घेऊन! पलीकडे रुही हुंदके द्यायला लागली तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. झोपेतच गेला. महिना उलटून गेला, पण त्याच्याबद्दल गळा काढून लिहायला मला जमत नाही. त्याची आठवण आली की अंगात उत्साहच संचारतो, त्याला मी तरी काय करू!

जन्मभर सरकारी फायलींवर सह्या केल्या आणि रिटायर झाल्यावर आर. के. पुरमचं क्वार्टर सोडून त्याने फरीदाबादला घर घेतलं. सगळे खोल्या बघत होते, हा गॅरेजमध्ये उभा राहून मला हाका मारतोय, "ठमे, इथे करवत बसेल!" विजेवरची, गोल पात्याची करवत. ती आली आणि दादाला पुन्हा मिसरूड फुटलं म्हणा ना! मग एका दुपारी लाईट गेली. करवतीचा खटका बंद न करताच दादा फळी काढायला वाकला, तेवढ्यात लाईट आली, पातं आपोआप फिरलं आणि शर्टाची बाही टराटरा फाटली. वहिनी धावत आली. "अहो, हात गेला असता! उद्याच भंगारवाल्याला बोलावते." वहिनीचा शब्द म्हणजे शब्द. दादा अक्षरशः हातापाया पडला. "थोडे दिवस दे. तुझ्या मर्जीशिवाय पातं फिरणार नाही, असं करून दाखवतो." वहिनी म्हणाली, "माझ्यासमोर दाखवा. नाही जमलं तर करवत गेली."

झालं! रोज मला फोन. "ठमे, असा स्टार्टर बसवलाय की लाईट गेली की खटका आपोआप सुटतो. लाईट परत आली तरी हिरवी कळ दाबेपर्यंत मशीन ढिम्म! आणि लाल कळा तीन. एक करवतीवर, एक दारापाशी, एक थेट तुझ्या वहिनीच्या ओट्याशेजारी! तिन्ही एकाच तारेत ओवल्यात. थांबवायचं कुठूनही, चालवायचं मात्र मशीनपाशी उभं राहूनच. आहे की नाही कमाल?" मला निम्मं कळायचं नाही, पण त्याच्या आवाजानेच मी फोन हातात घेऊन घरभर फिरायचे.

परीक्षेच्या रविवारी मी मेट्रोने फरीदाबाद गाठलं. दादा इस्त्रीच्या शर्टात, वहिनी हाताची घडी घालून, आणि लेक रुही स्वयंपाकघरात लाल कळीपाशी तैनात. "बाबा, दाबू?" तिला धीर कुठला! दादा ओरडला, "अगं, जरा कळ काढ!" मग त्याने ऐटीत हिरवी कळ दाबली. काही नाही. पुन्हा दाबली. ढिम्म! खोकं उघडलं, तारा तपासल्या, घामाघूम झाला. वहिनी म्हणाली, "बोलावू भंगारवाल्याला?" दादाचा चेहरा पार पडला. तेवढ्यात रुही आली, एका हातात स्क्रूड्रायव्हर, दुसऱ्या हातात लाल कळ. "लो बाबा, काढली! बिल्कुल टाइट होती यार."

"अगं, हे काय केलंस?"

"तुम्हीच तर बोलले, कळ काढ!"

दिल्लीत वाढलेली पोर... कळ काढणं म्हणजे धीर धरणं, हे तिला कोण सांगणार! त्या तारेत अगदी कमी वीज होती म्हणून बरं. दादाने कपाळाला हात लावला, मी हसून हसून बेजार. पण वहिनी हसत नव्हती. "थांबा. हिने कळ उपटली म्हणून करवत चालली नाही?"

"हो. कळ निघो, तार तुटो, ती चालणारच नाही."

वहिनीने क्षणभर विचार केला. "मग राहू दे करवत." दादाने त्या वयात टुणकन उडी मारली हो! रुहीला उचलायला गेला आणि दोघं भुशात बसली.

पुढे ती लाल कळ चहाची घंटाच झाली. वहिनी हाक मारायचीच नाही, कळ दाबायची. गॅरेज गप्प व्हायचं आणि दादा कुरकुरत हजर, "आला हायकोर्टाचा स्टे!"

परवा गेले होते. वहिनीने कपांत चहा ओतला आणि सवयीने लाल कळ दाबली. थांबायला आवाजच नव्हता. तिचं बोट तिथेच राहिलं... रुही उठली, गॅरेजमध्ये गेली. हिरवी कळ दाबल्याचा खट्‌ आवाज आला आणि करवत घुमायला लागली. तोच आवाज! माझे डोळे भरून आले. चहा निवत होता. मी लाल कळीकडे हात नेला. "दाबू, वहिनी?"

तिने माझा हात धरला. "जरा कळ काढ," ती म्हणाली.