बिस्टो आला की टाळी

आमच्या स्टाफरूमचं लोखंडी कपाट उघडलं की आधी मानपत्रं अंगावर येतात आणि त्यांच्या मागून किस्से. दोन्ही कुणी मुद्दाम जमवलेले नाहीत. फेकवत नाहीत म्हणून साचलेत, एवढंच.

शाळा तुमसरची, ज्युनिअर कॉलेज जोडलेली. मी बांते, भूगोलवाला. भाऊसाहेब संस्थेचे अध्यक्ष, राइस मिलवाले. आणि हटवार मॅडम इंग्रजीच्या, पंधरा-सोळा वर्षांपासून विनाअनुदानित जागेवर. अनुदानित जागा निघाली की पहिला हक्क मॅडमचा, असं भाऊसाहेब दरवर्षी म्हणायचे. मॅडम दरवर्षी विश्वास ठेवायच्या. त्यामुळे हे किस्से सांगताना मला पुरतं हसू येत नाही. तुम्ही हसा.

*

भाऊसाहेब एकदा नागपूरला कुणाच्या तरी सत्काराला गेले आणि तिथे इंग्रजी मानपत्र ऐकून आले. दुसऱ्या दिवशी स्टाफ मीटिंग.

"मराठीत मान देला का माणूस रडते," ते म्हणाले, "इंग्रजीत देला का घाबरते."

झालं! तेव्हापासून निरोप असो की स्वागत, मानपत्र इंग्रजीत. लिहायचं मॅडमनी, वाचायचं भाऊसाहेबांनी. त्यातही साधा 'गिव्ह' चालायचा नाही. "तो तं पाचवीतल्या पोट्ट्यालेही येते." मग मॅडमनी डिक्शनरीतून जुने, ठेवणीतले शब्द काढले. बिस्टो म्हणजे वरच्यानं खालच्याला बहाल करणं. अलॉट म्हणजे वाट्याला घालणं. अस्क्राइब म्हणजे एखादा गुण किंवा श्रेय कुणाच्या तरी नावावर चढवणं.

"सारे देण्याचेच शब्द आहेत, बांते सर," मॅडम म्हणाल्या. "पण देणारा प्रत्येक वेळी उंचावर उभा राहते."

*

हॉलमधल्या पालकांना ते इंग्रजी कळायचं नाही, आणि ओळखीचे चार-दोन शब्द सोडले तर भाऊसाहेबांनाही. म्हणून ठरलं की भाऊसाहेब बिस्टोवर थांबतील आणि मागून आमचे शिपाई शालिकमामा टाळी सुरू करतील. मग सगळा हॉल.

आमचे एक जुने मास्तर वारले. शोकसभेत नवीन काही लिहायला वेळ नव्हता, तेव्हा भाऊसाहेबांनी मास्तरांच्या निरोपाचंच मानपत्र पुन्हा वाचायला घेतलं. बिस्टो आला, भाऊसाहेब सवयीनं थांबले, शालिकमामांचे हातही सवयीनं उठले. सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला.

मास्तरांच्या बायकोनं डोळ्याला लावलेला पदर खाली घेतला आणि मला हळूच विचारलं, "काय भेटलं जी यायले?"



*

पुढे शालिकमामाच रिटायर झाले. मानपत्रात गुण कुणाला कोणते द्यायचे तेही एव्हाना ठरून गेलं होतं. अध्यक्षांना विज्डम, हेडमास्तरांना लीडरशिप, शिक्षकांना डिव्होशन, शिपायाला ओबीडियन्स. मॅडमनी मामांच्या मानपत्रात विज्डम लिहिलं. माणूस तसा होताच, भांडण लागलं की आम्ही मास्तर लोक मामांकडेच जायचो.

भाऊसाहेबांनी पेन काढून तो शब्द खोडला. रागावले नाहीत, उलट समजावून सांगितलं.

"मॅडम, शिपायालेच विज्डम देऊन टाकलं तं माह्यासाठी काय उरन?"

*

एका वर्षी बारावीचा इंग्रजीचा निकाल असा लागला की आजूबाजूच्या शाळा बघत राहिल्या. मॅडमनी उन्हाळाभर वर्ग घेतले होते, रविवारीसुद्धा. गौरव समारंभ ठेवला. यशाचं श्रेय अर्थातच अध्यक्षांच्या मार्गदर्शनाला. तसं अस्क्राइब करून लिहिलं कुणी? मॅडमनीच! त्यांच्या स्वतःच्या वाट्याला त्या दिवशी रांगोळी आणि पाहुण्यांचा नाश्ता अलॉट झाला होता.

मी म्हटलं, "मॅडम, एक ओळ तरी स्वतःसाठी लिहा जी."

"लिहीन ना, सर. परमनंट झाली का लिहीन."

*

आणि जागा निघाली. इंग्रजीचीच, अनुदानित. मॅडमनी घरून पोहे करून आणले, स्टाफरूमभर वाटले. पेढे ऑर्डर हातात आल्यावर, म्हणाल्या.

ऑर्डर भाऊसाहेबांच्या पुतणीच्या हातात आली. बीएडचा निकाल लागून तिला वर्षही झालं नव्हतं. त्या दिवशी मला स्वतःची, भाऊसाहेबांची, सगळ्या स्टाफचीच किळस आली, कारण आम्ही सगळे तिच्या पेढ्याला हात पुढे करत होतो. पुतणीचं स्वागतपत्र लिहायला भाऊसाहेबांनी कुणाला सांगितलं असेल, ते तुम्हाला कळलंच असेल.

मॅडम खिडकीशी बसून लिहीत होत्या. मला राहवलं नाही. "काहून लिहून राहिल्या, मॅडम?"

"मी नाही लिहिलं तं तीच लिहीन, सर," त्या म्हणाल्या. "अन् पोरायले वाटन, इंग्रजी अशीच राहते."

*

त्या वर्षाच्या शेवटी मॅडमनी राजीनामा दिला. वयाची अट निघून गेली होती, आता वाट बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. कारध्याला घरीच ट्यूशन घेईन, म्हणाल्या. भाऊसाहेबांनी निरोप समारंभ ठेवला. मानपत्र लिहायला दुसरं कुणी नव्हतं. पुतणीला विचारलं तर तिनं मान खाली घातली. तेव्हा मॅडमनाच सांगितलं, तुमचं तुम्हीच लिहून द्या. मॅडम लगेच हो म्हणाल्या.

भाऊसाहेबांनी खणखणीत आवाजात वाचलं. इंग्रजी नेहमीचं, जुनं आणि भारदस्त. मराठीत त्याचा अर्थ एवढाच होता: या संस्थेनं हिला आश्वासनं बहाल केली. दुसऱ्यांची कामं हिच्या वाट्याला घातली. हिच्या कामाचं श्रेय दुसऱ्यांच्या नावावर चढवलं. आणि आज ही जाते आहे, तर तो आपला मोठेपणा समजून ही संस्था टाळ्या वाजवते आहे.

बिस्टोवर भाऊसाहेब थांबले. मामा नव्हते, तरी हॉल नेहमीसारखा कडाडला. ज्यांना कळलं, ते तीन-चार जण बुटांकडे बघत टाळ्या वाजवत होते. त्यांत मीही होतो.

कार्यक्रम संपल्यावर भाऊसाहेब मॅडमजवळ आले. खूश होते.

"मॅडम, आतापर्यंतचं सगळ्यात मस्त मानपत्र झालं पहा. जपून ठेवा. तुमच्या विनाअनुदानित जागेवर नवीन पोरगी घेतली ना, तिच्या निरोपालेही कामी येईन. नाव बदलवलं का झालं."

"कपाटात एक कॉपी ठेवली आहे, सर," मॅडम म्हणाल्या. "नावाची जागा कोरी सोडून."